दाजींनी आवळलेला बोल्ट

जावई नावाच्या माणसाला खुर्ची लागते. आमच्या घरी ती खुर्ची वेगळी आहे. लाल प्लास्टिकची, हात असलेली. एरवी ती माळ्यावर पडून असते आणि बहिणीचा नवरा यायचा म्हटलं की आई ती उतरवून ओल्या फडक्याने पुसते. मी उपकेंद्रात दिवसभर उभी राहून, लेकरांना लसी टोचून घरी येते आणि उंबऱ्यावर टेकते, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नसतं. दाजी आले की मात्र खुर्ची उतरते, ऊन सरकेल तशी सावलीत सरकवली जाते, आणि तिच्यावर बसून दाजी जगातल्या सगळ्या कामांबद्दल बोलतात. प्रत्यक्ष काम करताना मी त्यांना एकदाच पाहिलं, आणि तेवढं मला जन्माला पुरेल.

दाजी काय करतात हे आम्हाला ताईच्या लग्नाआधी नीट कळलं नव्हतं आणि अजूनही कळलेलं नाही. शेत वाट्याने दिलेलं आहे. दाजी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पांढरी पँट घालून बीडला जातात, कुठल्यातरी पुढाऱ्याच्या मागे उभे राहतात, फोटोत त्याच्या खांद्यावरून यांचा अर्धा चेहरा दिसतो, आणि तो अर्धा चेहरा ते दिवसभर स्टेटसला ठेवतात. याला ते समाजकारण म्हणतात. आमची आई त्याला वट म्हणते. पाव्हण्यांचा लई वट हाय, असं ती शेजारणींना सांगते तेव्हा मला भाजी चिरायची सोडून बाहेर जावंसं वाटतं.

ताईचं सासर आमच्या गावापासून फार लांब नाही. नेकनूरच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ती. पण तिच्या गावाला जाणारी एसटी मनात येईल तेव्हा येते, आणि शिवाय बायकोने एकटीने एसटीने माहेरी जावं हे दाजींच्या वटात बसत नाही. त्यामुळे ताईला आमची आठवण येऊन उपयोग नसायचा. दाजींना मटणाची आठवण यावी लागायची. त्यांना ती आली की सकाळी फोन यायचा, आई पिशवी घेऊन धावायची, आणि दुपारी ताई नवऱ्याच्या मागे पदर सावरत गाडीवरून उतरायची. जेवण झालं, ढेकर दिला, की लगेच 'चल'. आम्हा बहिणींना बोलायला मिळायचं ते भांडी घासता घासता.

वडील गेले तेव्हा घरात मागे राहिलेल्या वस्तूंमध्ये धड चालणारी वस्तू एकच होती, त्यांची मोटारसायकल. मुलगा नाही, म्हणून ती जावयाची, असा हिशेब दाजींनी तेराव्यालाच करून टाकला होता. बोलून दाखवायचे ते वेगळ्या शब्दांत. 'घरात गडीमाणूस न्हाई, गाडी गंजून जाईल.' हे ते माझ्यासमोर म्हणायचे, आणि मी त्याच गाडीवर लसीचा डबा बांधून वाड्यावस्त्या फिरून नुकतीच आलेली असायचे. गाडी हलते आहे, तिच्यावर मी बसते आहे, रोज बसते आहे, हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण बाईमाणसाने चालवलेली गाडी त्यांच्या लेखी उभीच असते.

त्या पावसाळ्याच्या शेवटी पुढचा ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यायला लागला. डिस्कचे पॅड झिजून पत्र्याला आले होते. मांजरसुंब्याचा घाट त्या ब्रेकवर उतरायचा म्हणजे जिवाशी खेळ. मी बीडहून नवे पॅड आणले. नेकनूरचा आमचा नेहमीचा मेकॅनिक भाचीच्या निकाहला परगावी गेलेला, दुकान बंद. म्हटलं, वडील हे काम दारात बसून करायचे आणि पाने हातात द्यायला मीच असायचे, मग आपण करू. रविवारी सकाळी लिंबाखाली गाडी मधल्या स्टँडवर लावली आणि बसले.

पॅड बदलायला कॅलिपर सोडवावा लागतो, म्हणजे चाकावरच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा तो चिमटा. तो शॉकअपला दोन बोल्टांनी बसवलेला असतो. वरचा बोल्ट थोड्या कुरकुरीनंतर निघाला. खालचा हलेना. त्यात त्या बोल्टची चूक नव्हती. उन्हाळाभर मी याच गाडीवर बोअरचं पाणी वाहिलं होतं. मागे दोन कॅन, आणि पुढे लेगगार्डला एक बांधलेला, त्याचं झाकण गळकं. आमच्याकडचं बोअरचं पाणी चहात घातलं तर चहा फाटतो, मग लोखंडाचं काय होणार. बोल्टभोवती पांढरं मीठ आणि लाल गंज मिळून खरपुडी धरली होती. मी ती तारेच्या ब्रशने खरवडली, डिस्कवर तेल उडू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, आणि बोल्टच्या कडेने गंज सोडवायचं तेल थेंब थेंब सोडलं. आता त्याला मुरू द्यायचं आणि आपण चहा प्यायचा, असा माझा बेत होता.

तेवढ्यात दाजींची गाडी दारात आली, मागे ताई. सकाळी आईला फोन आलेला असणार. मला कुणी सांगितलं नव्हतं.

'काय चाललंय?' दाजी गाडीवरून उतरता उतरता म्हणाले. मी सांगितलं. त्यावर ते हसले. कंपाउंडरने ऑपरेशन करतो म्हटल्यावर डॉक्टर हसेल तसे. 'सरक. ही काय बायकांची कामं हायत का.'

मी सरकले. पाहुणा माणूस दारात आल्या आल्या तमाशा नको, एवढाच विचार. आईने खुर्ची आणली. आता इथे नीट लक्ष द्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्या खुर्चीमुळे झालं. अडकलेला बोल्ट चाकाच्या उजव्या अंगाला होता आणि त्या बाजूला ऊन होतं. सावली डाव्या अंगाला. आईने खुर्ची अर्थातच सावलीत ठेवली. जमिनीवर बसले तर पँट मळणार, उन्हात बसले तर जावई करपणार, म्हणून दाजी खुर्चीवर बसले आणि टायरवरून पलीकडे वाकून, हात लांब करून, त्यांनी पाना बोल्टला लावला. म्हणजे बोल्टचं डोकं पलीकडे आणि दाजी त्याच्या पाठीमागे. मागून बघणाऱ्याला सोडवायची दिशा आवळायची होते. एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही. डब्याचं झाकण उलटीकडून धरून बघावं.

दाजींनी पाना फिरवला आणि बोल्ट खरोखर थोडा हलला. आवळला जाताना हलतो तसा.

'हलला,' दाजी म्हणाले.

'दाजी, या बाजूने या,' मी म्हटलं. 'तिकडून उलटं होतंय.'

आईने मला घरातून हाक मारली. साधी हाक नव्हती ती. लहानपणी पाहुण्यांच्या ताटातलं काही मागितलं की यायची ती. आत गेले तर तिने माझा दंड धरला. 'कावून मधी मधी बोलतीस? जावाई हाय त्यो. त्येला आसं चारचौघांत उलटं म्हणत्यात का?'

'पण ते उलटं फिरवतायत, आई.'

'फिरवू दे की.'

हे आईचं वाक्य मी पुढे कितीदा आठवलं असेल. फिरवू दे की. आमच्या घरात ताईच्या लग्नापासून सगळं याच तत्त्वावर चाललं होतं. दाजी लग्नात रुसले, रुसू दे की. ताईला नोकरी सोडायला लावली, सोडू दे की. जावई उलटं फिरवतो आहे हे सगळ्यांना दिसतं, आणि जावई आहे म्हणून जो तो आकाशाकडे बघतो. असली मर्यादा आमच्याकडे फार मानतात.

मी बाहेर आले तेव्हा समोरचे माजी सरपंच तंबाखू मळत येऊन उभे होते. कुणाच्याही दारात पाना वाजला की हे येतात. यांच्या कारकिर्दीत गावात एक हातपंप बसला होता, तोही बिनपाण्याचा, पण यंत्रसामग्रीवरचा यांचा अधिकार गावात कुणी नाकारत नाही. ते उजव्या बाजूला, बोल्टच्या अगदी तोंडासमोर उभे होते. पाना कुठल्या दिशेने जातो आहे हे त्यांना माझ्याइतकंच स्वच्छ दिसत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ते पिचकारी टाकून म्हणाले, 'जोर लावा, पाव्हणं. जोर कमी पडायलाय.'

दाजींनी जोर लावला. पाना सटकला, बोल्टच्या डोक्याची एक कड गोल झाली. हाताला खरचटलं तेव्हा त्यांनी आमच्या वडिलांच्या पान्याला शिवी दिली. मग माजी सरपंचांनी स्वतःच्या घरून लोखंडी पाईप आणला, त्याच बिनपाण्याच्या पंपाचा उरलेला असावा. पान्याच्या दांड्यावर तो चढवून दाजी खुर्चीवरून अर्धवट उठून लोंबकळले. गाडी स्टँडवर कण्हली. बोल्ट ज्यात बसतो तो शॉकअपचा कान ॲल्युमिनियमचा असतो. तो तुटला की ब्रेक बसायला जागाच राहत नाही, मग गाडी भंगारात. वडिलांची गाडी माझ्या डोळ्यांसमोर, आमच्याच दारात, पांढऱ्या पँटीतला एक माणूस मोडत होता आणि त्याला कुणी नाही म्हणत नव्हतं.

थोड्या वेळाने दाजी दमले. घाम पुसत खुर्चीत बसले आणि त्यांनी निकाल दिला. 'ह्यात काय राम न्हाई. टेम्पो बोलवतो. गाडी आमच्याकडं नेतो, आमचा मिस्त्री बघंल. मग ऱ्हाऊ द्या तिकडंच. हिला काय करायची, बसनं जाईल.'

आणि त्यांनी फोन काढला. इतक्या वर्षांत जे तोंडाने मागून मिळालं नव्हतं ते एका गंजलेल्या बोल्टने दाजींच्या पदरात टाकलं होतं. मी आईकडे बघितलं. ती खुर्चीच्या पायापाशी पडलेली ऊन-सावलीची रेघ बघत होती.

'अवो, उलटं फिरवायलाव तुमी.'

हे ताई बोलली. ती चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिचा आवाज मोठा नव्हता, चहात साखर किती विचारावी तसा होता. पण लग्नापासून मी तिला नवऱ्याला काही सांगताना ऐकलं नव्हतं. विचारताना ऐकलं होतं. 'मघापासनं आवळायलाव,' ती म्हणाली. 'खिडकीतनं दिसतंय.'

माजी सरपंचांना अचानक घरचं काहीतरी काम आठवलं. दाजींनी पाईप खाली टाकला. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यावर काहीच राहिलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. 'तू मला शिकवणार?' ते म्हणाले. 'ऱ्हा मग इथंच. हिच्याच गाडीवर ये. आलीस तर.' गाडीला किक मारून ते गेले. आत मटण शिजत होतं. ते सोडून गेले, यावरून राग किती असेल ते समजावं.

आई ताईला काही बोलली नाही. माझ्यावर घसरली. ताईला मीच फूस लावली, माझ्यामुळे घर फिरलं, मला शिंगं फुटलीत, सगळं. मग तिने दाजींना फोन लावला, तिकडून उचलला नाही, परत लावला. शेवटी कधीतरी उचलला आणि ती बराच वेळ नुसती हो हो करत राहिली. फोन ठेवून ती मला म्हणाली, 'उद्या हिला सोडाया जा. आन् गाडी तिथंच ठिवून ये. चावी त्यांच्या हातात दे. राग जाईल त्यांचा.'

मी बाहेर येऊन उजव्या अंगाला, उन्हात, मातीत बसले.

बोल्ट आता गंजलेला होता, त्यावर भलत्या जोराने आवळलेला होता, आणि वर डोकं खराब झालेलं. उघड्या तोंडाचा पाना आता चालणार नव्हता. वडिलांच्या पिशवीत सहा कडांनी घट्ट धरणारा सॉकेट होता, तो मी हातोडीने हलकेच ठोकून डोक्यावर बसवला. हलवला. काही नाही. तेवढ्यात ताई आली. तिच्या हातात फडक्याने धरलेलं पातेलं होतं, उकळत्या पाण्याचं.

'अप्पा वततेत तसं,' ती म्हणाली. वडील जाऊन इतके दिवस झाले, ती अजून 'वततेत' म्हणाली.

मला आठवलं. वडील अडल्या बोल्टच्या बाजूच्या धातूवर उकळतं पाणी ओतायचे. ॲल्युमिनियम लोखंडाआधी फुगतं आणि पकड सोडतं. मी पाने द्यायचे, आणि पाणी ताई आणायची. हे मी साफ विसरले होते, कारण लग्न झालेल्या बहिणीला काही येत असेल हे आपण विसरतो. तिने बारीक धार धरली. वाफ वर आली. आणखी एक पातेलं आणलं. मी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके दिले, आडवे नाही, सरळ. मग सॉकेटला छोटाच दांडा लावला, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि एक झटका दिला.

कट्ट असा आवाज आला. बोल्ट तुटला असं वाटून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा दांडा माझ्याकडे वळलेला होता, बोल्ट शाबूत, आणि ताई हसत होती. आवाज न करता, पदराचा बोळा तोंडावर धरून.

पुढचं काम साधं होतं. जुने पॅड काढले, एकाचा तर नुसता पत्रा उरला होता. जुन्या पॅडनेच कॅलिपरमधला पिस्टन आत दाबला, नवे बसवले, खराब झालेल्या बोल्टच्या जागी वडिलांच्या डब्यातला दुसरा चांगला बोल्ट ग्रीस लावून घातला. लिव्हर पंप करत राहिले, हाताला कडक लागेपर्यंत. दोघी बहिणी मग मटण जेवलो. आई जेवली नाही. जावयाच्या वाटणीचं तिने झाकून ठेवलं, दुसऱ्या दिवशी डब्यात देण्यासाठी.

सकाळी ताईला मागे बसवून निघाले. नेकनूरच्या पुढे उतार लागतो तिथे मी मुद्दाम वेग घेतला आणि पुढचा ब्रेक दाबला. गाडी चूपचाप थांबली. ना आवाज, ना हिसका.

'धरतोय,' ताई मागून म्हणाली.

दाजी दारात होते. स्वतःच्या घरीही खुर्चीवर, सावलीत. सोबत दोघे तसलेच, पांढऱ्या कपड्यांतले. गाडीचा आवाज ऐकून दाजींनी मान वळवली, ब्रेक बघितला, आणि त्या दोघांना म्हणाले, 'मीच बोल्ट ढिला करून दिलता काल. म्हनून निघाला. हिनं नुसता काढला.' दोघांनी मान डोलावली. मला राग आला नाही. कीव आली, आणि थोडी मळमळ. मग त्यांनी बसल्या जागेवरून तळहात पुढे केला. 'आण चावी.'

आईने सगळं ठरवून ठेवलेलं होतं. माझा हात चावीकडे गेला की नाही मला सांगता येणार नाही. ताई मध्ये आली. मटणाचा डबा तिने दाजींच्या त्या उघड्या तळहातावर ठेवला.

'आईनं दिलंय,' ती म्हणाली. 'चावी तिच्याकडंच ऱ्हाऊ द्या. तिची ड्युटी हाय, लसीचा डबा न्यायचाय. गाडी तीच चालवती.' आणि माझ्याकडे न बघता, 'जा तू. उशीर होतोय.'

मी गाडी वळवली. आरशात दिसलं ते एवढंच, की डबा हातात धरून दाजी बसले आहेत आणि ताई त्यांच्यासमोरून घरात चालली आहे. त्या माणसाची मला कधी भीती वाटली नव्हती. त्याच्या खुर्चीचं, शर्टाचं, अर्ध्या चेहऱ्याच्या फोटोंचं मी मनसोक्त हसं करत आले होते. त्या रस्त्यावर पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली, आणि ती माझ्यासाठी नव्हती. मी निघून जाऊ शकत होते. गाडी माझ्याकडे होती.

नंतर बरेच दिवस ताईचा फोन आला नाही. मी केला तर दाजी उचलायचे आणि ती कामात आहे म्हणायचे. आई दिवसातून कितीदा तरी म्हणायची, बघितलंस. मी बघत होते. काहीच दिसत नव्हतं.

मग एका दुपारी उपकेंद्रात असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. तिच्या शेजारणीचा होता, बोलत ताई होती.

'ब्रेक धरतोय का?'

'धरतोय,' मी म्हटलं. 'तू कशी आहेस?'

'रविवारी ये,' ती म्हणाली. 'मला न्यायला. म्या त्यांना सांगितलंय, इचारलं न्हाई.'

घरी येऊन मी आईला सांगितलं. तिचे डोळे भरले, आणि तरी पुढचा प्रश्न तिने केलाच. 'पाव्हणं बी येणारेत का?'

'नाही,' मी म्हटलं. 'पण खुर्ची उतरवून ठेव.'